आमचा चाकूंचा नाद

सेवानिवृत्त शिक्षकानें उतारवयांत कोणता नाद लावून घ्यावा याविषयीं आमच्या आळींत फारसें दुमत नाहीं. ज्ञानेश्वरीचें पारायण, परसांतील फुलझाडें, नातवंडांचा अभ्यास; फार तर जुनीं नाणीं किंवा पोस्टाचीं तिकिटें. आम्ही मात्र चाकू जमवतों; तेहि घडीचे, जुने आणि अमेरिकन. "अहो, कोणी विचारलें तर काय सांगूं? मास्तर सुऱ्या जमवतात म्हणून?" असा आमच्या कुटुंबाचा नित्याचा प्रश्न. सुरी निराळी व चाकू निराळा, आणि अमरकोशानें तर सुरीलाहि असिपुत्री, म्हणजे तरवारीची लेक, असें गोड नांव दिलेलें आहे, हें आमचें उत्तर त्यांस पटलेलें नाहीं. वाचकांस पटतें कीं काय तें पाहूं.

आमचे वडीलहि शिक्षकच होते. दर रविवारीं सकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं ते ओसरीवर बसून मुलांचे बोरू तासून देत. त्यासाठीं त्यांच्यापाशीं शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचा एक चाकू होता. पात्यावर तारा व क्रूस अशी खूण असे. बोरूची जीभ किती तिरकी छाटली म्हणजे अक्षराला वळण येतें याचा त्यांना एवढा सराव कीं बोलतां बोलतां चार बोरू तयार होत. ते त्या चाकूला कलमतराश म्हणत. काम झालें कीं पातें मिटतांना "खट्" असा आवाज होई आणि आमची खेळण्याची सुट्टी सुरू होई. वडिलांच्या पश्चात् वाटणींत तो चाकू कोणाकडे गेला तें कळलें नाहीं. विचारणें त्या वेळीं बरें दिसलें नसतें.

तो आवाज आम्हीं पुन्हां ऐकला तो २०२२ सालीं, अमेरिकेंत. आमचे चिरंजीव पेन्सिल्वेनिया राज्यांत पिट्सबर्गनजीक राहतात. एके दिवशीं त्यांना जुनी खुर्ची पाहावयाची होती म्हणून त्यांच्याबरोबर जुन्या वस्तूंच्या एका दुकानांत गेलों. दुकान कसलें, गवताची मोठी वखारच ती. तेथें कांचेच्या पेटींत पन्नास-साठ चाकू मांडलेले होते. दुकानदार वृद्ध होता. त्यानें एक चाकू काढून पातें उघडलें, मिटलें, आणि आम्ही ओसरीवर जाऊन बसलों! आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें व त्याचें बोलणें नाकांतलें, तरी एवढें समजलें कीं तिकडचे संग्राहक चाकूची परीक्षा करतांना तो "चालतो" कसा व "बोलतो" कसा हें पाहतात. चालणें म्हणजे पातें उघडतांना न अडखळतां वळणें; बोलणें म्हणजे मिटतांना पाठीच्या पट्टीनें दिलेला तो टणत्कार. जो नीट चालतो व स्पष्ट बोलतो तो चांगला. शाळेंत आम्हीं याहून निराळी कसोटी लावली असें आठवत नाहीं.

या चाकूंचें मूळ इंग्लंडांतच. पूर्वीं अमेरिकन माणसाच्या खिशांत बहुधा शेफील्डचाच माल असे. पुढें तेथलेच कारागीर समुद्र ओलांडून आले. न्यूयॉर्क राज्यांतील वॉल्डन गांवीं १८५६ सालीं न्यूयॉर्क नाइफ कंपनीनें आपलें बिऱ्हाड हलविलें, व तो गांव चाकूंचाच झाला. १८९० सालीं मॅकिन्ले यांच्या नांवाचा जकातीचा कायदा झाला, परदेशी मालावर जबर कर बसला, आणि शेफील्डचा अमेरिकेंतील व्यापार खचला. देशी कारखान्यांचे दिवस आले. स्वदेशीचें तत्त्व जकातीच्या बळावर किती लवकर रुजतें, हें पाहून आम्हांस थोडा हेवाच वाटला. वॉल्डनची ती कंपनी १९३१ सालीं मंदीच्या लाटेंत बुडाली. तिचा हातोड्याच्या छापाचा एक चाकू आमच्यापाशीं आहे, अर्थात् झिजलेला, म्हणूनच परवडलेला.

परंतु आमच्यासारख्या व्याकरण घोकलेल्या माणसाला खरा मोह पडला तो केस या कंपनीच्या चाकूंचा. त्यांच्या पात्यावर आंकडे कोरलेले असतात, आणि ते आंकडे म्हणजे पाणिनीचे प्रत्याहारच. उदाहरणार्थ ६२५४. यांतील सहा म्हणजे मूठ खांचा पाडलेल्या हाडाची. दोन म्हणजे पातीं दोन. चोपन्न हा घाटाचा क्रमांक. पहिला आंकडा पांच असेल तर मूठ सांबरशिंगाची, तीन असेल तर पिवळ्या कृत्रिम द्रव्याची. काळहि तसाच वाचतां येतो. १९४० ते १९६४ पर्यंत नांवापुढें नुसत्या दोन फुल्या. १९६५ पासून देशाचें नांव. आणि १९७० सालीं खालीं दहा ठिपके देऊन पुढें दरसाल एकेक ठिपका कमी केला, तो १९७९ सालीं एकच उरला. म्हणजे ठिपके मोजावे, वजाबाकी करावी, कीं जन्मसाल हातीं! त्या दोन फुल्या पातें दोनदां पाणी देऊन घेतल्याच्या निदर्शक, असें सांगतात. चिरंजिवांनीं आम्हांस ब्रॅडफर्ड गांवीं नेऊन तेथलें संग्रहालयहि दाखविलें. १९९३ सालीं ही कंपनी त्याच गांवच्या झिप्पो या लायटरवाल्यांनीं विकत घेतली, म्हणून तेथें चाकू व लायटर एकाच छपराखालीं नांदतात. आम्हीं तीन तास पाहिलें. चिरंजीव एक तासानंतर बाहेर बांकावर बसले.

सांबरशिंगाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. अमेरिकन चाकूंवरील खऱ्या शिंगाच्या मुठी पुष्कळ वर्षें हिंदुस्थानांतील सांबरांच्या शिंगांच्या होत असत. सांबर दरवर्षीं आपलीं शिंगें गाळतें. तीं रानांतून गोळा होऊन जहाजांतून जात. हें शिंग आंत भरीव व बाहेरून खरबरीत, म्हणून हातांतून निसटत नाहीं. पुढें भारत सरकारनें ही निर्यात बंद केली आणि जुन्या मुठींचा भाव चढला. अमरकोशांत मृगांच्या यादींत शंबर येतो. तो घोकतांना आम्हीं तो कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. त्याचें शिंग पहिल्यानें हातीं आलें तें पेन्सिल्वेनियांत, आणि तेंहि अठ्ठावीस डॉलर मोजून. अशा चाकूला आमच्या घरीं "माहेरवाशीण" म्हणतात. हें नांव कुटुंबानेंच दिलें, एवढें त्यांच्या बाजूनें नमूद करणें न्याय्य आहे.

बार्लो नांवाचा एक साधा, लांब टोपणाचा, स्वस्तांतला चाकू असतो. मार्क ट्वेन यांच्या १८७६ सालच्या टॉम सॉयर या कादंबरींत टॉमला त्याची मावसबहीण असा चाकू बक्षीस देते, तो धर्मग्रंथांतील वचनें कशीबशी पाठ केल्याबद्दल! पाठांतराला चाकूचें बक्षीस ही कल्पना आमच्या ध्यानांत नोकरींत असतां आली असती तर शब्दरूपावलीची एवढी आबाळ झाली नसती. असो.

फसगतहि झाली. एका जत्रेसारख्या बाजारांत १९४० च्या पूर्वींचा छाप असलेला केसचा चाकू आम्हीं चाळीस डॉलर देऊन घेतला व मोठ्या डौलानें त्या वृद्ध दुकानदारास दाखविला. त्यानें भिंग लावलें आणि कांहीं न बोलतां आमच्या हातीं दिलें. पातें धार लावून लावून निम्में झिजलेलें, पण अक्षरें मात्र कालच कोरल्यासारखीं तीक्ष्ण! म्हाताऱ्या तोंडांत नव्या दांतांची कवळी बसवावी तसा तो छाप मागाहून ठोकलेला होता. त्यानेंच आणखी सांगितलें कीं जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांजवळ ठेवूं नयेत. तें द्रव्य कुजूं लागलें कीं त्यांतून वाफ सुटते व शेजारच्या निरपराध पात्यांनाहि गंज चढतो. तेव्हांपासून आमचे तसले दोन चाकू निराळ्या डब्यांत, सोंवळ्याबाहेर आहेत.

कुटुंबाचें मन वळवावें म्हणून आम्हीं एकदां लिंकनसाहेबांचा दाखला दिला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं त्यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हां त्यांच्या खिशांत दोन चष्मे, रुमाल, पाकीट यांबरोबर हस्तिदंती मुठीचा एक छोटा चाकू होता. तो वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयानें जपून ठेवला आहे. एवढा सत्पुरुष चाकू बाळगी! यावर उत्तर मिळालें, "त्यांच्यापाशीं एकच होता. तुमच्यापाशीं एकोणीस आहेत."

त्या एकोणिसांत मुळांत वीस होते. विसाव्याची हकीगत लिहावी कीं नाहीं याचा आम्हीं बराच विचार केला.

त्याच वखारींत, परतण्याच्या सुमारास, एका पत्र्याच्या डब्यांत लाकडी मुठीचा, दोन पात्यांचा एक ओबडधोबड चाकू दिसला. एक पातें कापण्याचें, दुसरें स्क्रू पिळण्याचें व तारेवरचें वेष्टण खरवडण्याचें, टोंकाला अडकविण्याची कडी, आणि मुठीवर "टी. एल. २९" अशीं अक्षरें. तीं पाहतांच आमच्या हातापायांतलें बळ गेलें, कारण हींच अक्षरें असलेला दुसरा चाकू वाईस आमच्या घरीं, शाळेंतून आणलेल्या ट्रंकेंत, गोट्या, भोंवरे आणि गलोलीचीं रबरें यांच्यांत पडलेला होता.

१९८९ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गांत आम्ही रामशब्द चालवीत असतां मागच्या बांकावरचा एक मुलगा चाकूनें पेन्सिल तासतांना सांपडला. चाकू कोणाचा असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, आज्याचा हाय. इटलीच्या लढाईत एका अमेरिकन तारवाल्या शिपायानं दिला त्याला." वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों. इटलींत मराठा पलटणीच्या दोघां वीरांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला हें आम्हांस ठाऊक होतें. पण ती इंग्रजांची फौज, तिच्यांत अमेरिकन कोठून यावयाचा? मुलगा थापा मारतो असा निर्णय देऊन आम्हीं त्याला दोन छड्या मारल्या, चाकूबद्दल नव्हे, असत्य भाषणाबद्दल, आणि चाकू जप्त करून वडिलांस घेऊन येण्यास सांगितलें. वडील मुंबईस माथाडी कामगार; ते कशाला येतात? नववीनंतर मुलानें शाळा सोडली.

वखारवाल्या वृद्धानें आम्हांस सांगितलें कीं टी. एल. २९ हा दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या संदेश-पथकाला मिळणारा चाकू. टेलिफोनच्या तारा टाकणारे शिपाई तो कमरेला लावीत. तारवाला! पुढें चिरंजिवांनीं पुस्तकें चाळून दाखविलें कीं डिसेंबर १९४४ मध्यें आठवी हिंदी डिव्हिजन अमेरिकन फौजेच्या मदतीस सेर्किओ नदीच्या खोऱ्यांत पाठविली होती, आणि मराठ्यांची पलटण त्या डिव्हिजनमध्यें होती. शिपायाच्या नातवानें जें सांगितलें त्यांतला शब्द न् शब्द जुळत होता.

आम्हीं तो डब्यांतला चाकू नऊ डॉलरला घेतला, तो अजून आहे. परत आल्यावर ट्रंकेंतला काढला. तेलाचे थेंब सोडून आठ दिवस ठेवला, मऊ फडक्यानें पुसला. घासून चकचकीत केला नाहीं, तेवढें शास्त्र आतां कळत होतें. मळ सुटल्यावर पात्याच्या मुळाशीं नांव उमटलें: कॅमिलस, न्यूयॉर्क. ती कंपनीहि २००७ सालीं बंद पडली.

मुलाचा पत्ता जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळाला. कोरेगांव तालुक्यांत तो आल्याची शेती करतो. वय पन्नाशीजवळ. आम्हांस पाहून त्यानें वांकून नमस्कार केला, त्यामुळें बोलणें अधिकच कठीण झालें. आम्हीं चाकू पुढें केला व म्हणालों, "तूं खरें बोलला होतास. आमचें अज्ञान होतें." तो बराच वेळ पातें उघडीत-मिटीत बसला. मग म्हणाला, "आज्यानं जाताना इचारलं व्हतं, चाकू कुठाय म्हणून. मी सांगितलं, वढ्यात पडला. तुमी घेतलाय म्हनून सांगितलं असतं तर त्यो शाळेत आला असता." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याची आई दाराशीं उभी होती. तिनें पदरानें डोळे पुसले आणि चहा ठेवावयास आंत गेली.

चहा पितांना, कांहीं तरी बोलावें म्हणून, आम्हीं अमेरिकन लोकांची एक समजूत सांगितली: चाकू फुकट घेऊं नये, स्नेह कापला जातो, घेणाऱ्यानें एक पैसा तरी हातावर ठेवावा. हा चाकू आमचा नव्हताच, त्यामुळें नियम लागू नव्हता. पण तो हंसला आणि खिसे चाचपूं लागला. नाणें निघेना, "आता समदं फोनवर, गुरुजी," म्हणाला. तेवढ्यांत म्हातारी देवघरांत जाऊन आली आणि हळदकुंकू लागलेला एक रुपया तिनें आमच्या हातावर ठेवला.

तो रुपया आम्हीं पुसलेला नाहीं. माहेरवाशिणीच्या शेजारीं, विसाव्याच्या रिकाम्या जागीं ठेवला आहे.