नाचणाऱ्या पावलांमागचे सूर

बाभुळगावात वरात निघाली, बँड वाजू लागला, की कुणीतरी हात झुलवीत भगवानदादांची पावले टाकतोच. ही पावले घरोघरी पोहोचली ती १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटामुळे. त्यातील नृत्यांसाठी सी. रामचंद्रांनी जॅझच्या धाटणीचे संगीत योजिले होते. अमेरिकेत दास्य भोगलेल्या कृष्णवर्णीयांच्या वेदनेतून आणि भक्तिगीतांतून उमललेले हे संगीत १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात घुमू लागले. ते येथे रुजविले बहुतांशी गोव्याच्या कॅथलिक वादकांनी. रामचंद्रांचे साहाय्यक, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांपैकीच.

अशा अनेक वादकांनी स्वरलिपीचे पहिले धडे धर्मग्रामाच्या शाळेत, मिस्साच्या गायनासाठी गिरविले होते. चर्चच्या अंगणातली विद्या हॉटेलात व स्टुडिओत जाऊन बाटली, असे म्हणणारे भाविक आम्हांस भेटतात. आम्हांस तसे वाटत नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे भान हरपून नाचला. मीखलने नाक मुरडले. पवित्र शास्त्राने दोष दिला तो तिलाच. श्रमलेल्या माणसाला निर्मळ आनंद देणारी विद्या बाटत नसते.

खंत निराळीच आहे. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्या वादकांची नावे क्वचितच झळकली. निदान आपण तरी, सणाचा मिस्सा संपल्यावर, आपल्या गायकवृंदातील पेटीवाल्याचे आणि ढोलकीवाल्याचे नाव वेदीपाशी आदराने घ्यावे.