मानेचा सवाल आहे, बॉस!

‘कट्ट!’ असा आवाज येतो. टेबलावरची मुलगी डोळे मिटून ‘आऽऽह’ म्हणते. खाली लाइक्सचा पाऊस.

रात्री दीड वाजता ते रील मी अकराव्यांदा बघत होते. एका हातानं, कारण दुसरा मानेखाली उशीसारखा धरला होता. फ्रीलान्सिंग म्हणजे स्वातंत्र्य वगैरे सगळं ठीक आहे हो. पण माझं ऑफिस म्हणजे पलंग आणि टेबल म्हणजे मांडी. तीन आठवडे मान अशी धरली होती, की मागून कुणी हाक मारली तर अख्खी मीच वळायचे.

आईकडे उपाय तयार होता. आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की उसण पळते म्हणे. ‘तुझी मावशी पायाळूच आहे. बोलावू का?’ आई म्हणाली. मी खोखो हसले (दुखलं!). मास कॉमची डिग्री घेतलेली मुलगी मी, पायाळूकडे जाऊ? छे! मी कायरोप्रॅक्टरकडे जाणार होते.

सर्च केलं. घरापासून दहा मिनिटांवर एक क्लिनिक निघालं. भरपूर स्टार्स, दुसऱ्याच दिवशीची अपॉइंटमेंट. मंद लाइट, लॅव्हेंडरचा वास, कोपऱ्यात कण्याचं प्लास्टिक मॉडेल. रिसेप्शनवरच्या मुलीनं दोनच गोष्टी विचारल्या : दहा सेशन्सचं पॅकेज घेणार का, आणि रील शूट केलेलं चालेल ना?

चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, कधी पडला होतात का... यातलं काहीच नाही.

वाट बघताना भिंतीवरची सोनेरी फ्रेम वाचली. सर्टिफिकेट होतं. नीट वाचलं, तर दोन दिवसांच्या वर्कशॉपचं. मी एकदा केक बनवायचा दोन दिवसांचा क्लास केला होता. त्यानंतर केलेला माझा केक कुणी खाल्ला नव्हता.

तरीही टेबलावर झोपले. (हो, झोपले! पैसे आधीच भरले होते ना!) मानेभोवती दोन हात आले. ‘रिलॅक्स, मॅडम.’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सर, तुमचं शिक्षण कुठे झालं?’

हात थांबले.

‘इतकी वर्षं हेच करतोय. रिव्ह्यूज वाचले नाहीत का?’

‘वाचले. पण डिग्री कुठली? रजिस्ट्रेशन?’

‘विश्वास नसेल तर उठा.’

उठले. सॅंडल घालताना कान लाल झाले होते. आपण फार उद्धटपणा केला, असंच वाटत होतं. आपल्याकडे पांढरा कोट दिसला की मान आपोआप खाली जाते. माझी तर जातही नव्हती, तरी लाज वाटलीच.

घरी आल्यावर मात्र मी जरा चिडले. स्वतःवरच. तीनशे शब्दांची बातमी असली तरी मी दोन सोर्सकडून खात्री करून घेते. आणि स्वतःच्या मानेसाठी मला एक रील पुरलं?

मग बसले शोधायला. कायरोप्रॅक्टिक सुरू झालं १८९५ मध्ये, अमेरिकेत आयोवामधल्या डॅव्हनपोर्टला. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थानं इमारतीच्या एका सफाई कामगाराचा कणा दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकणं परत आलं, असा दावा केला. सुरुवात अशी चमत्काराची. आज मात्र तिथे कॉलेजनंतर साधारण चार वर्षांचा डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिकचा कोर्स, परीक्षा आणि राज्याचं लायसन्स लागतं. ब्रिटनमध्ये १९९४ चा कायदा आहे. जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या नोंदणीत नाव नसेल, तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. ही नोंदणी कुणीही ऑनलाइन बघू शकतं.

आणि आपल्याकडे? कायरोप्रॅक्टरसाठी अशी वेगळी सरकारी कौन्सिलच नाही. त्यामुळे पाटीवरचा तो शब्द बघून काहीच कळत नाही. त्या पाटीमागे नेमकं कोण बसलंय, हे आपणच विचारायचं. परदेशात शिकलेत? मग कॉलेज, वर्ष, लायसन्स नंबर विचारा आणि तिथल्या बोर्डाच्या यादीत नाव शोधा. फिजिओथेरपिस्ट आहेत? त्यांच्यासाठी २००२ च्या कायद्यानं महाराष्ट्राची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद झाली, तिथला नंबर विचारा. एमबीबीएस किंवा ऑर्थोपेडिक सर्जन? मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. नुसतं ‘डॉ.’ हे उत्तर नाही. कशाचे डॉक्टर, हा प्रश्न आहे.

ही थेरपीच थोतांड, असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या कॉलेजनं २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांशिवायच्या ज्या उपायांची शिफारस केली, त्यात कणा हातानं हलवण्याचा उपायही आहे. पण मानेचं प्रकरण नाजूक. झटक्यानंतर मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या नोंदी आहेत. क्वचितच होतं, पण म्हणूनच हात लावण्याआधी प्रश्न विचारावे लागतात. तिथे मला फक्त पॅकेजचं विचारलं होतं.

रजिस्ट्रेशन म्हणजे हुशारीची गॅरंटी नव्हे, हेही कबूल. पण उद्या काही चुकलं, तर दाद मागायला एक दार असतं. रिव्ह्यूजना असं दार नसतं.

पुढच्या आठवड्यात एका फिजिओथेरपिस्टला फोन केला. घसा खाकरून, घाबरतच रजिस्ट्रेशन नंबर विचारला. बाईंनी पेन आहे का विचारलं आणि सांगून टाकला. बस्स! इतकं सोपं होतं. तिथे पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. ‘कट्ट’ झालंच नाही. चार कंटाळवाणे व्यायाम, लॅपटॉपखाली ठेवायला पुस्तकांचा ढीग, आणि पलंगावर काम बंद. दीडेक महिन्यानं मी रिक्षात बसून मागे वळून बघितलं. नुसतीच मान वळवून! कुणाला सांगणार हा आनंद?

आईला सांगितला. ती दुधी निवडत होती. ‘दुधी घेताना नख लावून बघतेस ना? मग माणूस घेताना काय झालं होतं?’ ती म्हणाली.

दिवाळीत मावशी आली. सगळी कहाणी ऐकून पदर खोचत म्हणाली, ‘उगाच हिंडलीस. मी होते की!’

‘मावशी, तू खरंच पायाळू आहेस, याला पुरावा काय?’

मावशीनं कोपऱ्यात जप करत बसलेल्या आजीकडे बोट दाखवलं. ‘ती काय बसलीये. विचार तिलाच.’

मी पाठ दिली नाही. पण एवढं मान्य केलं : विचारल्यावर ती रागावली नव्हती.