राजाराणीविना 'फुएन्तेओवेखुना'

रात्री पुन्हा स्पॅनिश नाटककार लोपे दे वेगाचं 'फुएन्तेओवेखुना' वाचलं. जुलमी कमांडरला फुएन्तेओवेखुना हे गाव ठार मारतं, आणि कितीही छळ झाला तरी खुनी म्हणून प्रत्येकजण गावाचंच नाव सांगतो. शेवटी राजाराणी माफी देतात. कवी-नाटककार लोर्काने मात्र 'ला बार्राका' या विद्यार्थी नाटकमंडळीसाठी या राजाराणीचे, फर्नांदो-इसाबेलचे, प्रवेशच कापले! १९३२पासून निळे कामगारी कपडे घातलेली ही पोरं ट्रकमधून खेडोपाडी जुनी नाटकं नेत होती, तीही सरकारी अनुदानावर. अभ्यासक या कापाकापीला संहितेची मोडतोड म्हणोत. मला ती समीक्षा वाटते, पुष्कळ प्रबंधांहून धारदार. माफीच काढली की न्याय गावाच्या हाती उरतो. खुद्द लोर्काला मात्र न्याय मिळाला नाही: ऑगस्ट १९३६मध्ये त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या. लोपे शिकवणाऱ्यांनो, ही कापाकापीही वर्गात शिकवा.