गुण द्यायचे कोणी?

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात बेनेडिक्ट हे कृष्णवर्णीयांचं लहानसं खासगी कॉलेज आहे, १८७० साली सुरू झालेलं. २००४च्या सुमारास तिथल्या अध्यक्षांनी एक नियम लागू केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गुण देताना ६० टक्के भार त्याच्या मेहनतीला आणि ४० टक्के विषयाच्या ज्ञानाला. दुसऱ्या वर्षी निम्मा-निम्मा. विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांनी तसे गुण द्यायला नकार दिला. दोघांचीही नोकरी गेली.

शिकवणं हाच माझा पेशा, म्हणून असेल, पण ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता. दुबळ्या शाळांतून आलेली मुलं पहिल्याच वर्षी गळू नयेत, ही कळकळ मलाही समजते. पण उत्तरपत्रिका ज्याने तपासली, मुलाला कुठे अडतंय हे ज्याला दिसलं, त्याच्याच शब्दाला किंमत राहिली नाही.

कृष्णवर्णीयांच्या अशा कॉलेजांत एकहाती कारभार का रुजला, हेही पाहायला हवं. गुलामगिरी संपल्यावर ती उभी राहिली ती बहुतांशी चर्चच्या आणि गोऱ्या देणगीदारांच्या पैशांवर. गाठीला फारसं काही नाही, भोवतालचा समाज वैरी. अशा वेळी देणगीदारांची मर्जी राखणाऱ्या अध्यक्षाच्या हाती सगळ्या किल्ल्या गेल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. १९२४ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस मुलीच्या पदवीदानाला फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेले आणि अध्यक्ष मॅकेन्झींच्या कारभारावर तिथेच कडाडून बोलले. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला आणि मॅकेन्झींना पायउतार व्हावं लागलं. अटलांटाच्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात हॉवर्ड झिन इतिहासाचे विभागप्रमुख होते, नोकरीत कायम होते. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या विद्यार्थिनींच्या पाठीशी ते उभे राहिले. १९६३मध्ये त्यांना काढून टाकलं. २००५मध्ये त्याच कॉलेजाने दीक्षान्त भाषणासाठी त्यांना सन्मानाने बोलावलं. मधे ४२ वर्षं गेली.

अभ्यासक्रम, अध्यापन आणि प्राध्यापकांच्या नेमणुका ही मुख्यतः प्राध्यापकांची जबाबदारी, असं अमेरिकेतल्या प्राध्यापक संघटनेने १९६६मध्येच लिहून ठेवलं आहे. ते निवेदन तयार करण्यात विश्वस्त मंडळांची संघटनाही सहभागी होती. लहान कॉलेजात तर सगळे शिक्षक एका खोलीत बसू शकतात. पहिल्या वर्षाला जादा वर्ग हवेत, की परीक्षेची पद्धत बदलायला हवी, हे बेनेडिक्टच्या अध्यक्षांनी त्या दोघांना समोर बसवून विचारायला हवं होतं. काढून टाकायचं काहीच कारण नव्हतं.