पंख्यांचा आवाज आणि दोन आकडे

आमच्या वाचनालयातल्या जुन्या नियतकालिकांची पानं स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचा, हे काम माझ्याकडे आलं. त्यासाठी दोन प्रोसेसरचा एक सेकंडहँड सर्व्हर मिळाला. त्यावर उबुंटू, आणि अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट. लिनक्सशी माझी ओळख तेव्हा नुकतीच झाली होती.

सर्व्हर सुरू होताना पंखे थोडा वेळ पूर्ण वेगानं फिरतात, एवढं ऐकून होते. आमचे पंखे मात्र खाली येतच नसत. आवाज थेट वाचनकक्षापर्यंत जाई, वाचक उठून बाहेर जाऊ लागले. बिघाड कशात आहे आणि शोधायला सुरुवात कुठून करायची, काहीच कळेना.

शेवटी सर्व्हरची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, पंख्यांचा वेग कमी करायच्या मागे लागू नका. ते त्यांचं काम करतायत. आधी बघा, उष्णता किती तयार होतेय आणि बाहेर किती जातेय.” मला धरायला हे दोन प्रश्न मिळाले.

उष्णता तयार होते कामातून, म्हणून आधी ‘टॉप’ ही आज्ञा दिली. वरच्या ओळीत लोड ॲव्हरेजचे तीन आकडे दिसतात: गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. ते आमच्या कोअरच्या संख्येच्या कितीतरी वर होते. यादीत सगळीकडे टेसरॅक्ट. चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट एकाच पानासाठी चारपर्यंत थ्रेड वापरू शकतं, आणि आमची स्क्रिप्ट प्रत्येक कोअरला एक पान देत होती. सगळे थ्रेड एकमेकांच्या वाटेत येत होते. दादांच्या सांगण्यावरून ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हे व्हेरिएबल 1 वर आणलं. गर्दी ओसरली, पानंही आधीपेक्षा भराभर होऊ लागली. पंखे मात्र तसेच.

मग सगळं काम थांबवलं. लोड शून्याजवळ आला, तरी आवाज कमी होईना. मी इथे सगळ्यात जास्त गोंधळले. यंत्र काहीच करत नाही, मग तापतंय कशानं?

आता दुसरा प्रश्न. ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज बसवलं, ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवलं आणि मग ‘सेन्सर्स’. पडद्यावर कोअरच्या ओळीच ओळी आल्या. दोन प्रोसेसरचे गट वेगळे करून वाचल्यावर चित्र दिसलं: पहिला 44 अंश सेल्सिअस, दुसरा 79. कर्नलच्या नोंदींत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, तापमान मर्यादेबाहेर गेल्यामुळे क्लॉक कमी केल्याच्या ओळी होत्या. काम चालू असताना दुसरा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवत होता.

पंखे लिनक्सच्या हातात नसतात, हेही तेव्हा समजलं. मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, तो सेन्सर वाचून पंख्यांचा वेग ठरवतो. एक जरी जागा तापली तरी तो पंखे वाढवतो. ‘आयपीएमआय-टूल’नं त्याच्याकडचे आकडे पाहिले: सगळे पंखे धडधाकट, आत येणारी हवा 26 अंश. डेटा सेंटरसाठी ॲश्रे ही संस्था 18 ते 27 अंशांची शिफारस करते. म्हणजे खोली ठीक होती. काही सर्व्हरमध्ये एक प्रोसेसर दुसऱ्याच्या मागे असतो, त्याला पुढच्याची गरम हवा लागते आणि तो थोडा जास्त तापतो. आमच्यात दोघं शेजारी-शेजारी होते. उरला हीटसिंक.

दादा स्वतः आले. सर्व्हर रीतसर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढल्या. दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंक उचलला. थर्मल पेस्ट वाळून तिचे पोपडे झाले होते, आणि एका कोपऱ्यात तर धातू उघडा होता. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं. तिथे हवा राहिली की उष्णता वर जातच नाही, मग पंखे कितीही फिरोत. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसले, नवी पेस्ट लावली. स्क्रू एकदम न आवळता, समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे थोडे फिरवत बसवले.

सुरू केल्यावर पंखे घोंघावले आणि उतरले. रिकाम्या वेळी दुसरा प्रोसेसर 46 वर, टेसरॅक्ट पूर्ण जोरात असताना सत्तरीच्या आत.

माझ्यासारख्या नवख्यांना एवढंच सांगेन: सर्व्हर नीट चालत असतानाच त्याचे आकडे लिहून ठेवा. रिकामा असताना किती, कामात किती, आत येणारी हवा किती, पंख्यांचे फेरे किती. आम्हाला ते माहीत असते, तर दुसऱ्या प्रोसेसरचा आकडा पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरला असता. आता सर्व्हरशेजारी वही आहे, आणि तारखेसह हे आकडे त्यात लिहिणं वाचनालयाच्या महिन्याच्या कामांत धरलं आहे.