डेन्व्हरचा घाट आणि गाडीची पत

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेतील डेन्व्हर येथे होतो. हे शहरच सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतके उंच वसलेले आहे. तेथून पश्चिमेस रॉकी पर्वतात शिरणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटर गाठतो. त्या वाटेने आठ दिवस हिंडावयाचे ठरले. वाटेत शुद्ध भोजन मिळणे कठीण. म्हणून पिकअप ट्रकमागे जोडून न्यावयाचे फिरते घर, ज्यास तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, ते विकत घ्यावे असा सूनबाईंचा विचार होता. आत शेगडी, पाण्याची टाकी, निजावयास जागा. सूर्यास्तापूर्वी कोठेही थांबावे आणि आपल्या चौक्यातले जेवावे.

विक्रेता म्हणाला, "तुमचा ट्रक ४,०८० किलो ओढतो. हा ट्रेलर पूर्ण भरला तरी ३,१७५ किलो. निश्चिंत राहा." चिरंजीवांनाही ते पटले. मला मात्र बँकेतील कॅश क्रेडिट खाते आठवले. मंजूर मर्यादा मोठी असली, तरी उचल ड्रॉइंग पॉवरइतकीच करता येते, हे आपल्या व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. ओढण्याची क्षमता ही मंजूर मर्यादा होय. ड्रॉइंग पॉवर चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेली असते. तेथे लिहिले होते : माणसे व सामान मिळून ६८० किलोंहून अधिक नको.

ट्रेलरचा सगळा भार त्याच्याच चाकांवर नसतो. दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या दांड्यातून ट्रकवर येते. बैलगाडीत माल मागे अधिक झाला तर जू वर उचलले जाते. पुढे अधिक झाला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. येथेही दांड्यावर भार कमी पडला तर ट्रेलर मागे हेलकावे खातो, फार झाला तर ट्रकची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ढिले पडते.

मी वही काढली. दांड्याचा भार बारा टक्क्यांनी ३८१ किलो, आम्ही पाच माणसे ३१० किलो, जोडणीचे लोखंड ४० आणि हौदातील सामान ६०. एकूण ७९१ किलो. म्हणजे १११ किलोंचा ओव्हरड्राफ्ट! चिरंजीव म्हणाले, "पप्पा, हा माणूस रोज हेच विकतो." मी म्हटले, "बेरीज तू कर." त्यांनी दोनदा केली आणि व्यवहार थांबविला.

मग २,२०० किलो भरवजनाचा लहान ट्रेलर भाड्याने घेतला. माहितीपत्रकात रिकामे वजन असते. पाणी, गॅस, पीठ, डाळी, भांडी हे सारे त्यावर चढते. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो. म्हणून टाकी अर्धीच भरली, स्टीलच्या डब्यांची पेटी घरी ठेवली, हौदातील सामान निम्म्यावर आणले. दांड्याचा भार २६४ धरून बेरीज ६४४ झाली. निघताना ट्रकच्या वजनकाट्यावर खात्री करून घेतली.

विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती बोगद्यापर्यंत सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते. चढ हळू चढलो. खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर. शंभर मीटरला सात मीटर उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढते मार्ग बांधलेले. ते पाहताच गाडीत सगळे गप्प झाले. चिरंजीवांनी खालचा गिअर टाकून गाडी संथपणे उतरविली.

डिलन जलाशयाकाठी थांबलो, तेव्हा दिवस बराच शिल्लक होता. सूनबाईंनी भात टाकला. चिरंजीव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तो मोठा घेतला असता तर?" मी उत्तर दिले नाही. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आहे : मर्यादा आधी ठरवावी, संग्रह नंतर करावा. त्या उतारावर मला ते नव्याने कळले.