हुसेनसागरावर शिडांचा हंगाम

हैदराबादला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी चारमिनार, लाड बाजारात बांगड्यांची घासाघीस, दुपारी सालारजंग संग्रहालय, वेळ उरलाच तर गोवळकोंडा आणि संध्याकाळी टँक बंडच्या कठड्याशी उभे राहून हुसेनसागरातील बुद्धमूर्तीचे दर्शन. काळोख पडतो, मूर्तीवर प्रकाशझोत येतात आणि मंडळी बिर्याणीच्या शोधात निघतात. याच तलावाच्या उत्तर टोकाला, संजीवय्या उद्यानाच्या बाजूला, जुलै महिन्यात काय चाललेले असते याची वार्ताही त्यांच्या कानावर येत नाही.

त्या दिवसांत तिथे तलावाचे रूपच पालटलेले असते. राखाडी पाणी, वर ढगांचे छत आणि मधोमध पांढऱ्या शिडांचा थवा. जवळ जाऊन पाहावे तर प्रत्येक होडीत एकच खलाशी, आणि तो दहाबारा वर्षांचा! एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, अंगात लाइफ जॅकेट आणि नजर वाऱ्याकडे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, भर शहरातल्या या तलावावर देशभरातील शिडाच्या होड्यांचे खेळाडू दर पावसाळ्यात येतात.

पावसाळ्यात? कोकणातल्या माणसाला हे उफराटेच वाटेल. पावसाळा म्हणजे समुद्र बंद. मुंबईच्या बंदरातील क्लबांच्या होड्याही पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर निघतात आणि ताडपत्रीखाली चार महिने पडून राहतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की मगच कोळी होडी लोटतो. हैदराबादचे गणित नेमके उलटे आहे. अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा आपला बहुतेक पाऊस सह्याद्रीच्या अंगावर रिता करतो आणि हलका होऊन दख्खनच्या पठारावर धावत सुटतो. तेलंगणात पोहोचेपर्यंत पावसाचा जोर बराच ओसरलेला असतो, पण वाऱ्याचा दम मात्र टिकून असतो. समुद्रकिनारी दिवसा खारा वारा, रात्री मतलई अशी रोजची पाळी असते. इथे ती सोय नाही. जो काय वारा आहे तो जूनअखेर ते ऑगस्ट या दिवसांतलाच. बाकी वर्षभर शिडे आळसावलेली असतात. म्हणून या क्लबांचे सारे वर्ष या आठदहा आठवड्यांभोवती फिरते.

हुसेनसागर हा मुळात सागर नव्हे, बांध घालून केलेला तलाव. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, 1562 च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला. हैदराबाद शहर वसले 1591 मध्ये. म्हणजे तलाव शहरापेक्षा वडील. एके काळी याच पाण्याने शहराची तहान भागवली. पुढे त्याच्या एका बाजूला हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला सिकंदराबादची छावणी वाढली. त्या छावणीमुळेच इथे शिडाच्या होड्यांचा खेळ रुजला. लष्कराच्या ईएमई, म्हणजे विद्युत व यांत्रिक अभियंत्यांच्या दलाची सेलिंग असोसिएशन आणि सिकंदराबाद सेलिंग क्लब ही इथली जुनी घराणी. ‘हैदराबाद सेलिंग वीक’ ही एकट्याने चालवायच्या लेझर होड्यांची स्पर्धा 1980 च्या दशकात सुरू झाली आणि जुलैतला तो आठवडा देशभरच्या खेळाडूंच्या वहीत पक्का नोंदला गेला.

तरीही हा खेळ बराच काळ फौजी आणि खातेपीते लोक यांच्यापुरताच राहिला. शिडाची होडी म्हणजे साहेबाचा शौक, ही समजूत आपल्याकडे उगाच पडलेली नाही. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा, पण त्याचे दार भारतीयांना दीर्घकाळ बंदच होते. होड्या बांधणारे आपले, ओढणारे आपले, त्यात बसून शर्यत मारणारे मात्र दुसरेच.

हैदराबादेत हे चित्र बदलू लागले ते 2009 मध्ये. सुहेम शेख या शिडाच्या होड्यांच्या जुन्या खेळाडूने त्या वर्षी यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला. क्लबपासून थोड्याच अंतरावर, बेगमपेठेच्या बाजूला, रसूलपुरा नावाची दाट वस्ती आहे. रोजंदारीवर जाणारी, रिक्षा चालवणारी, चार घरची धुणीभांडी करणारी माणसे तिथे राहतात. त्या वस्तीतील उद्भव शाळेच्या मुलामुलींना क्लबने होडीत बसवले. वरवर पाहता साधी गोष्ट. पण ज्या आईने मुलीला कधी तलावाच्या काठाशीही एकटे सोडले नाही, तिला ‘तुमची मुलगी एकटीने होडी नेणार’ हे कसे पटवायचे? पोहता न येणाऱ्या मुलांना आधी पोहणे शिकवायचे. मग मुद्दाम होडी उलटवायची, तिच्या पोटाखालून बाहेर यायचे, मधल्या उभ्या फळीवर चढून होडी सरळ करायची आणि पाणी उपसून पुढे निघायचे. हा पहिला धडा. उलटण्याची भीती गेल्याशिवाय वारा कळत नाही, असे या खेळाचे शास्त्र आहे.

ही मुले ज्या होडीत शिकतात तिचे नाव ऑप्टिमिस्ट. 1947 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स या होडीबांधकाम करणाऱ्याने मुलांसाठी तिची आखणी केली. लांबी जेमतेम अडीच मीटर, वजन पस्तीस किलो, नाकाकडून चौकोनी, एखाद्या स्नानाच्या टबासारखी. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचीच ही होडी, आणि जगातील कितीतरी ऑलिंपिक खेळाडूंचा पाळणाही हीच. लाट आत आली की पाणी आपोआप बाहेर जात नाही, हाताने उपसावे लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ अर्ध्यात कापलेला प्लॅस्टिकचा डबा दोरीने बांधलेला असतो. महागड्या खेळातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक वस्तू!

एप्रिल-मेची सुट्टी ही इथली शाळा. उन्हाळी शिबिरांत बंगल्यांतली मुले आणि वस्तीतली मुले एकाच उतारावरून होड्या ढकलतात. दोरीच्या गाठी शिकायच्या, डोलकाठी उभी करायची, शीड चढवायचे. वारा समोरून असेल तर होडी सरळ पुढे जाऊच शकत नाही, हे कळायला काही दिवस लागतात. मग नागमोडी जायचे: थोडे डावीकडे, वळून थोडे उजवीकडे, घाटातल्या वळणावळणाच्या रस्त्यासारखे. प्रत्येक वळणावर डोके खाली घालून शिडाच्या आडव्या काठीला चुकवायचे आणि झटकन दुसऱ्या काठावर जाऊन बसायचे. चुकलात तर काठीचा फटका ठरलेला. शिक्षकाने ओरडण्यापेक्षा त्या काठीने शिकवलेले जास्त दिवस लक्षात राहते.

जुलै उजाडतो आणि क्लबच्या अंगणाची जत्रा होते. चेन्नई, मुंबई, भोपाळ, गोवा अशा ठिकाणांहून चमू येतात. अंगणात मराठी, तमिळ, हिंदी, तेलुगू यांची खिचडी होते. 2010 पासून इथे ‘मान्सून रेगाटा’ ही लहानमोठ्या मुलांची स्पर्धा भरते. सकाळी आधी सगळ्यांच्या नजरा झेंड्याकडे. वारा पडला असेल तर तासन्‌तास काठावर बसून राहायचे. अशा वेळी पत्ते निघतात, डबे उघडतात, कुणाचे फाटलेले शीड चिकटपट्टीने सांधले जाते, कुणी दुसऱ्या गावच्या पोराला आपली जादा दोरी देतो. मग पाण्यावरची एक रेघ गडद होते. ‘आला!’ म्हणत अंगण दोन मिनिटांत रिकामे होते.

शर्यतीची सुरुवात पाहण्यासारखी असते. धावण्याच्या शर्यतीसारखे रेषेवर थांबता येत नाही, कारण होडी थांबत नाही. पाच मिनिटे आधी पहिला झेंडा, चार मिनिटे आधी दुसरा, एक मिनिट उरले की तो दुसरा खाली आणि शून्यावर पहिलाही खाली. त्या पाच मिनिटांत सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात. रेषा आधी ओलांडली तर परत फिरावे लागते आणि उशीर झाला तर पुढच्यांच्या शिडांनी खाल्लेला उरलासुरला वारा वाट्याला येतो. मग चहूकडून एकच आरोळी ऐकू येते, ‘स्टारबोर्ड!’ ज्याच्या होडीला उजव्या अंगाने वारा लागतो त्याला वाट द्यायची, हा या पाण्यावरचा रस्त्याचा नियम.

इथे मैदानावर असतो तसा शिट्टी फुंकणारा पंच प्रत्येक धडकेजवळ नसतो. आपण दुसऱ्याला अडवले असे वाटले तर आपणच आपली होडी दोन वेळा गोल फिरवून शिक्षा भोगायची. वळणाच्या बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक गोल. कुणी पाहिले नसले तरीही! ज्याला अन्याय झाला असे वाटते तो ‘प्रोटेस्ट’ असे ओरडतो आणि संध्याकाळी समितीपुढे दोन्ही पक्ष खेळण्यातल्या छोट्या होड्या टेबलावर मांडून आपापली बाजू सांगतात. अशा वेळी वस्तीतली मुलगी आणि मोठ्या शाळेतला मुलगा समोरासमोर उभे असतात. नियमाचे कलम ज्याला ठाऊक, वाऱ्याची दिशा ज्याच्या ध्यानात, त्याचे म्हणणे खरे ठरते. बापाचा हुद्दा त्या टेबलावर मांडता येत नाही. या क्लबने मुलांना दिलेल्या गोष्टींत पदकांपेक्षाही ही मोठी म्हणावी लागेल.

पदकेही आली आहेत. रसूलपुऱ्याच्या शाळेतून आलेली प्रीती कोंगरा हांगचौ येथे 2023 मध्ये झालेल्या आशियाई खेळांत सुधांशू शेखर याच्यासह भारताकडून उतरली. त्यांचा प्रकार 470, म्हणजे चार मीटर सत्तर सेंटिमीटर लांबीची, दोघांनी मिळून चालवायची होडी. तलावापलीकडे भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग शाळेत घडलेल्या, देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूरने त्याच खेळांत रौप्यपदक मिळवले. समुद्र नसलेल्या मुलुखातल्या मुली सागरी खेळात पुढे येत आहेत, हे चित्र पंचवीस वर्षांपूर्वी कुणी रंगवले असते तर हसण्यावारी गेले असते.

पण हे सारे ज्या पाण्यावर चालते त्याची कथा गोड नाही. कुकटपल्लीच्या नाल्याने वर्षानुवर्षे कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तलावात आणून ओतले. मैलापाणी अडवून दुसरीकडे वळवण्याची कामे झाली, गाळ उपसला गेला, तरी उन्हाळ्यात पाणी आटले की दर्प येतोच. जलपर्णीची हिरवी चादर पसरली की होडीची मधली फळी त्यात अडकते. सरावानंतर होड्या आणि मुले दोघांनाही गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावे लागते. बाहेरगावचा पालक पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतो. चौथ्या दिवशी मुलगा पाण्यातून ओरडत येतो तेव्हा रुमाल कुठे राहिला हे त्याच्या लक्षातही नसते. तथापि, सवय झाली म्हणून दुखणे गेले असे होत नाही.

भाद्रपदात या तलावाला आणखी एक मोठी कसोटी द्यावी लागते. हैदराबादचा गणेशोत्सव दणदणीत. खैरताबादच्या गणपतीची परंपरा 1954 पासूनची, आणि 2024 मध्ये ती मूर्ती सत्तर फुटांची होती. अनंत चतुर्दशीला टँक बंडवर क्रेनची रांग लागते. 2021 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हुसेनसागरात सोडण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती सवलत दिली. वाद मिटलेला नाही. गणपती बाप्पाला निरोप देताना पाण्याचा विचार करावा, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही तोच प्रश्न आहे. होडीवाल्या मुलांना मात्र तो अगदी हाताने कळतो. विसर्जनानंतर पाण्यात तरंगणाऱ्या बांबूंच्या, लाकडांच्या सांगाड्यांमधून होडी काढणे काही खेळ नव्हे.

दसरा येतो तोवर वारा मंदावलेला असतो. चांगली मुले समुद्रावरच्या स्पर्धांच्या तयारीला लागतात, मागे राहिलेली होड्यांच्या तडा बुजवतात. हिवाळ्याच्या सकाळी तलाव इतका निवांत असतो की बुद्धमूर्तीचे प्रतिबिंबही हलत नाही. त्या मूर्तीनेही हे पाणी अनुभवले आहे. अठ्ठावन्न फुटांची ती अखंड शिळा 10 मार्च 1990 रोजी तराफ्यावरून नेताना घसरून तळाशी गेली, कामगार प्राणांना मुकले, आणि 1 डिसेंबर 1992 रोजी ती पुन्हा बाहेर काढून उभी केली गेली. क्लबची मुले आज तिच्या परिसरात नागमोडी फिरतात. इमारतींच्या फटींतून वारा कसा वळतो, कुठे तो अचानक मरतो, हे त्यांना वर्गातल्या धड्यासारखे पाठ आहे.

हा सोहळा पाहायचा असेल तर जुलैचा पहिला किंवा दुसरा आठवडा निवडावा. स्पर्धेच्या तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. सिकंदराबाद स्थानकावरून रिक्षाने संजीवय्या उद्यानापर्यंत सहज जाता येते. तलावाकाठचा नेकलेस रोड आता पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाने ओळखला जातो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे हेच ते पंतप्रधान. छत्री आणि दुर्बीण जवळ ठेवावी. सकाळी वारा नसेल तर निराश होऊ नये, तो बहुधा दुपारकडे जोर धरतो. मुलांना बरोबर न्यावे. परतीच्या गाडीत ती ‘आपल्या गावच्या धरणावर असे का नाही?’ असे विचारतील, त्याची मात्र तयारी ठेवावी.